मदत येईपर्यंत: गॅस, वीज, आग आणि साप

घरात गॅसचा वास आला तर मेन स्विचला हात लावायचा नाही. घरात कुणाला विजेने धरले तर मात्र पहिला हात मेन स्विचलाच गेला पाहिजे. स्विच एकच आहे आणि चुकले तर दोन्हीकडे जीव जातो. गडबडीत हा फरक सुचत नाही, तो आधीपासून ठाऊक असावा लागतो. आणि लक्षात तेव्हाच राहतो जेव्हा त्यामागचे कारण कळलेले असते. म्हणून इथे काय करायचे त्याच्याबरोबर ते का करायचे हेही सांगितले आहे.

बहुतेक अपघातांत एकच क्रम लागू पडतो. आधी अपघाताचे कारण बंद करायचे, मग माणसाला हात लावायचा. आपला हात सहज उलटा जातो, कारण समोर आपलेच माणूस तडफडत असते. एकाच्या जागी दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या पावसाळ्यात वाचायला मिळतात, त्यामागे बहुधा हाच उलटा क्रम असतो.

फोनबद्दल आधी. रुग्णवाहिकेला १०८, अग्निशामक दलाला १०१, काहीच सुचले नाही तर ११२. गॅसगळतीसाठी १९०६ हा चोवीस तास चालणारा क्रमांक आहे, विजेच्या तक्रारीसाठी १९१२. गोव्यात घर क्रमांक सांगून कुणालाच घर सापडत नाही. तालुका, गाव, वाडा या क्रमाने सांगा आणि मग खूण द्या: देऊळ, खुरीस (क्रूस), पंचायतघर, बसथांबा, मुख्य रस्त्यावरून वाट कुठे फुटते ते. पलीकडचा माणूस सांगेपर्यंत फोन ठेवू नका. छाती कशी दाबायची हे तो फोनवरून सांगू शकतो. घरात आणखी कुणी असेल तर त्याला टॉर्च देऊन फाट्यावर उभे करा, कुत्रा बांधा, गेट उघडून ठेवा. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या वाड्यांवर यामुळे बरीच मिनिटे वाचतात.

गॅसचा वास

स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. तो हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो, त्यामुळे छपराकडे न जाता जमिनीवर पसरतो, ओट्याखालच्या कपाटात साठतो, खोलगट न्हाणीत उतरतो. जुन्या घरांतला उंच उंबरठा तर त्याला बांधासारखा अडवून धरतो. नुसती खिडकी उघडून म्हणूनच भागत नाही. बाहेर उघडणारा दरवाजा सताड उघडायला हवा आणि वारा जमिनीलगत फिरायला हवा. हवेत गॅसचे प्रमाण साधारण दोन टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते. वास मात्र त्याच्या बराच आधी येतो. गॅसला स्वतःचा वास नसतो, त्यात उग्र वासाचे मर्कॅप्टन मुद्दाम मिसळलेले असते ते याचसाठी.

विजेचे कुठलेही बटण दाबले की आत बारीक ठिणगी उडते, चालू करताना आणि बंद करतानाही. म्हणून दिवा लागलेला असेल तर लागलेला राहू द्या, पंखा फिरत असेल तर फिरू द्या, एक्झॉस्ट फॅनला हात लावू नका. देवघरातली समई, अगरबत्ती, न्हाणीतली पाणी तापवायची चूल, जे काही जळत असेल ते विझवा. रेग्युलेटरचा नॉब बंद करा, रेग्युलेटर काढा आणि सिलिंडरच्या तोंडावर दोरीला बांधलेले प्लास्टिकचे टोपण ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबून बसवा. दारे-खिडक्या उघडून सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. फोन बाहेर गेल्यावर, घरापासून लांब उभे राहून करा. मीटर आणि मेन स्विच बाहेर पडवीच्या भिंतीवर असेल, तिथे वास नसेल, तरच तो बंद करायचा. घरात असेल तर विसरून जा.

रेग्युलेटर काढल्यावरही तोंडातून फुसफुस चालूच असेल तर आतली पिन अडकलेली असते किंवा रबराचे वायसर फाटलेले असते. टोपणाने ती गळती थांबते. नाही थांबली आणि सिलिंडर पेटलेला नसेल, तर तो उभाच धरून उघड्यावर न्या. विहीर, गटार किंवा खोलगट जागा जवळ नको. सिलिंडर आडवा कधीच करू नये. उभ्या सिलिंडरमधून वायू बाहेर पडतो, आडव्यातून द्रव. एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो, म्हणजे गळती कित्येक पटींनी वाढते.

रेग्युलेटरपाशीच ज्योत पेटली असेल तर हाताला जाड ओला सुती कपडा गुंडाळून नॉब बंद करता येतो. मात्र तिथे हात पोहोचण्यासारखा असेल तरच. पोहोचत नसेल तर ज्योत विझवायच्या भानगडीत पडू नका, माणसे बाहेर काढा. गॅस बंद न करता ज्योत विझवली तर न जळलेला गॅस घरात भरत राहतो आणि पुढच्या ठिणगीला सगळा एकदम पेटतो. जळणारी ज्योत त्यापेक्षा कमी धोक्याची.

गळती कुठून होते हे शोधायला साबणाचा फेस लावायचा. बुडबुडे जिथे येतील तिथे गळती. काडी ओढून तपासणारे लोक अजूनही आहेत. तसे कुणी करत असेल तर त्याच्या हातातून काडीपेटी काढून घ्या.

पेटलेले तेल

कढईतले तेल पेटण्याआधी बराच धूर देते, तो इशारा. पेटलेच तर गॅस बंद करा आणि मोठे झाकण, परात किंवा उलटे ताट आपल्या बाजूने पुढे सरकवत कढईवर बसवा. वरून टाकायला जाल तर हात ज्वाळेवर येईल. आग विझली असे वाटले तरी वीस-पंचवीस मिनिटे झाकण उचलू नका. तेल आतून तापलेलेच असते, हवा मिळाली की पुन्हा भडकते.

पाणी अजिबात नको. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी जाते, तिथे क्षणात त्याची वाफ होते आणि वाफ पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा मागते. ती वाफ पेटते तेल छपरापर्यंत उडवते. कढई उचलून अंगणात नेणे ही दुसरी मोठी चूक. धावताना तेल पायांवर सांडते आणि वाऱ्याने ज्वाळा अंगावर येते. पीठ किंवा रवाही टाकू नये, तो स्वतःच पेटतो.

कपड्यांनी पेट घेतला तर माणूस धावत सुटतो आणि आग वाढते. त्याला जमिनीवर लोळवा, जाड सुती चादर किंवा घोंगडीने दाबा, पाणी ओता. नायलॉनचे ब्लँकेट नको, ते वितळून कातडीला चिकटते.

भाजल्यावर

भाजलेल्या जागेवर पूर्ण वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडा. घड्याळ लावा, कारण दोन मिनिटांत बरे वाटते आणि माणूस हात काढून घेतो. वरची कातडी गार झाली तरी आतल्या थरात उष्णता मुरत असते आणि ती भाजतच राहते. थोडा उशीर झाला तरी तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो. गोव्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी नळाला चटका बसण्याइतके गरम येते. तेव्हा विहिरीचे किंवा मडक्यातले पाणी सतत ओतत राहा. बर्फ नको, त्याने रक्तवाहिन्या आक्रसतात आणि इजा खोल जाते. लहान मूल असेल तर भाजलेला भाग गार करा, बाकीचे अंग कोरडे आणि उबदार ठेवा.

बांगड्या, अंगठी, पैंजण लगेच काढा, अर्ध्या तासात सूज येते. चिकटलेला कपडा ओढू नका, फोड फोडू नका. खोबरेल, हळद, टूथपेस्ट, शाई यांतले काही लावले तर उष्णता आत कोंडते आणि इस्पितळात ते खरवडून काढावे लागते, तेव्हा माणूस किंचाळतो. स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळा. जखम रुग्णाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठी असेल, चेहरा, हात, सांधा किंवा गुप्तांग भाजले असेल, किंवा विजेने अथवा ॲसिडने भाजले असेल, तर घरी थांबू नका.

विजेने धरले तर

‘आमच्याकडे एमसीबी आहे’ असे म्हणून लोक निर्धास्त असतात. एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच, वायरिंग जळू नये म्हणून असतो; १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरच्या वर गेल्याशिवाय पडत नाही. माणसाचे हृदय बंद पडायला त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी विद्युतप्रवाह पुरतो. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी, ज्याला बरेच वायरमन अजून ईएलसीबी म्हणतात. ३० मिलीअँपिअर, म्हणजे ०.०३ अँपिअर गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. जुन्या घरांत तो नसतोच, आणि पावसाळ्यात जांभ्या दगडाच्या भिंती ओल धरतात, मिक्सर ओल्या ओट्यावर चालतो, विहिरीवरचा पंप उघड्यावर असतो. कपडे वाळत घालायची लोखंडी तार तर फारच घातक. घराला येणारी वायर तिच्यावर घासून सोलली की ती तार जिवंत होते, आणि ओला कपडा टाकणाऱ्या बाईला काहीच दिसत नाही. ती तार काढून नायलॉनची दोरी बांधा, आजच.

चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. मेन स्विच बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन पाडला तरी इन्व्हर्टरवरच्या वायरिंगमध्ये वीज चालूच राहते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मेनपर्यंत जाता येत नसेल तर कोरड्या लाकडी पाटावर किंवा प्लास्टिकच्या स्टुलावर उभे राहून कोरड्या काठीने वायर किंवा त्याचा हात बाजूला ढकला. काठी कोरडी हवी. अंगणात पडून भिजलेला बांबू वीज वाहून नेतो.

बाहेर खांबावरची तार तुटून पडली असेल तर तिच्यापासून निदान दहा मीटर लांब राहा, आणि ठिणगी दिसत नाही म्हणून ती मेली असे समजू नका. भोवतालच्या ओल्या जमिनीतही वीज असते. दोन पावले लांब पडली तर दोन पायांतल्या विजेच्या दाबात फरक पडतो आणि विद्युतप्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. तुम्ही त्या टापूत सापडलाच असाल तर पाय एकमेकांना चिकटवून, न उचलता, घसटत बाहेर पडा. वीज खात्याचा माणूस सांगेपर्यंत माणूस किंवा गुरे त्या बाजूला सोडू नका.

सुटका झाल्यावर माणूस हाकेला ओ देतो का आणि श्वास घेतो का, हे दहा सेकंदांत बघा. मध्येच एखादी आचका दिल्यासारखी घरघर म्हणजे श्वास नव्हे. हृदय बंद पडल्यावर ती काही वेळ येते आणि तिच्यामुळेच लोक थांबून राहतात. नीट श्वास नसेल तर टणक जमिनीवर उताणे निजवा, छातीच्या मधोमध एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवा, कोपर न वाकवता पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. तोंडाने श्वास देता येत असेल तर ३० दाब, दोन श्वास. येत नसेल तर नुसते दाबत राहा. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण थकलेल्या हाताचा दाब उथळ होतो. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नका; बरगडी पुढे जुळते. माणूस उठून बसला, मला काही झाले नाही म्हणाला, तरी इस्पितळात नेऊन ईसीजी काढा.

साप चावला तर

आपल्याकडे जिवावर बेतणारे चावे मुख्यतः चौघांचे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. इस्पितळातली प्रतिसर्पविष लस या चौघांच्या विषावर एकत्र चालते, म्हणून साप ओळखायची किंवा मारून न्यायची गरज नाही. मारायला गेलेल्यालाच दुसरा चावा बसतो. लांबून फोटो मिळाला तर घ्या, त्यासाठी थांबू नका. चापडा नावाच्या सापाच्या विषावर ही लस चालत नाही. तरीही इस्पितळ हवेच, कारण रक्तस्राव आणि सुजेवरचे उपचार तिथेच होतात.

सगळ्यात फसवी मण्यार. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दातांची खूण धड दिसत नाही, दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोटात दुखते, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्याला पावसाळ्यात असे झाले तर अपचन समजून लिंबूपाणी देऊ नका, निघा.

रुग्णाला निजवा आणि चालू देऊ नका; विष हालचालीने, स्नायूंच्या दाबाने पसरते. अंगठी, कडे, चप्पल काढा. चावलेला हात किंवा पाय फळीला किंवा छत्रीला, हाड मोडल्यावर बांधतात तसा सैल बांधा. पट्टीखाली बोट सहज जायला हवे. सूज कुठपर्यंत आली तिथे पेनाने रेघ मारून वेळ लिहा. डॉक्टरांना त्या रेघांवरून विष किती वेगाने चढते ते कळते. मग खुर्चीत बसवून किंवा चादरीच्या झोळीत उचलून गाडीपर्यंत न्या. १०८ ला विचारा की लस जवळ कुठे आहे. म्हापशाचे उत्तर गोवा जिल्हा इस्पितळ, मडगावचे दक्षिण गोवा जिल्हा इस्पितळ आणि बांबोळीचे गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) ही मोठी ठिकाणे.

वर दोरी आवळून बांधू नका. घोणस आणि फुरशाचे विष मांस सडवते. दोरीने ते एका जागी कोंडले जाते, खालचा रक्तपुरवठा तुटतो, आणि हात-पाय कापायची वेळ येते. कुणी आधीच घट्ट बांधले असेल तर ती दोरी वाटेत झटकन सोडू नका, कोंडलेले विष एकदम अंगात जाते. इस्पितळात लस तयार ठेवून सोडतात. ब्लेडने चिरा देणे, तोंडाने ओढणे, बर्फ, झाडपाला, मंत्र, यांतल्या कशानेही विष उतरत नाही. पुष्कळ चाव्यांत साप विष सोडतच नाही. असा माणूस मंत्राने बरा झाला असे वाटते आणि पुढच्या चाव्याला सगळा वाडा पुन्हा तिकडेच जातो, हे फार वाईट आहे. चोवीस तास डॉक्टरांच्या नजरेखाली राहिल्याशिवाय चावा कोरडा होता असे म्हणता येत नाही.

नाग किंवा मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. माणूस मेल्यासारखा दिसतो, पण त्याला ऐकू येत असते. श्वास थांबला तर वाटेत तोंडाने श्वास देत राहा. श्वास चालू ठेवला तर असे रुग्ण पूर्ण बरे होतात.

इतर काही

नारळ काढणारा पाडेली माडावरून पडला तर त्याला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका. डोके आणि मान दोन्ही हातांनी आहे तशी धरून ठेवा, रुग्णवाहिका येईपर्यंत. मणक्याचे हाड मोडले असेल तर उचलण्यानेच मज्जारज्जू तुटतो.

कोयता किंवा विळी लागली तर स्वच्छ कापडाने दाबून धरा, दहा मिनिटे न उघडता. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा. काढले तर बसत आलेली गुठळी निघते. घुसलेली काच किंवा सळी उपसू नका.

घास अडकून आवाज फुटत नसेल तर दोन खांद्यांच्या मध्ये पाठीवर पाच ठोसे, मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर आत-वर पाच झटके, आळीपाळीने. वर्षाखालच्या बाळाला पोटावर झटका द्यायचा नाही, छातीवर दोन बोटांनी दाबायचे. गरोदर बाईलाही छातीवरच. माशाचा काटा ही वेगळी गोष्ट. श्वास नीट असेल तर भाताचा गोळा गिळू नका, काटा आणखी खोल रुततो, डॉक्टरकडे जा.

रॉकेल, फिनेल, ॲसिड पोटात गेले तर उलटी करवू नका. जाताना जाळलेली अन्ननलिका येताना पुन्हा जळते आणि रॉकेल फुप्फुसात उतरते. बाटली बरोबर न्या. उंदीर मारायच्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टने पहिला दिवस माणूस ठीक दिसतो, यकृत नंतर बिघडते. त्यामुळे ‘आता बरा आहे’ म्हणून परत आणू नका.

विहिरीत पडलेल्याला वरून दोरी, किंवा दोरीला बांधलेला बंद रिकामा कॅन टाका. बंद पडलेली विहीर किंवा शौचालयाची टाकी असेल तर आत उतरूच नका. तिथल्या वायूने दोन श्वासांत शुद्ध हरपते, पहिल्याच्या मागोमाग दुसरा आणि तिसरा जातो. पाण्यातून काढलेल्याचे पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास नसेल तर आधी दोन श्वास, मग छाती.

पाऊस सुरू व्हायच्या आधी एका सकाळी होण्यासारखी कामे आहेत. आरसीसीबीवरचे ‘टी’ लिहिलेले बटण दाबून बघा. वीज गेली नाही तर तो निकामी आहे. हे महिन्यातून एकदा. गॅसची नारिंगी नळी पाच वर्षांनी बदला, तारीख तिच्यावरच छापलेली असते. सिलिंडर घेताना वरच्या कड्याच्या पट्टीवरचे चाचणीच्या मुदतीचे अक्षर वाचा: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी, सी, डी पुढचे तीन-तीन महिने, आणि शेजारी वर्ष. ती तिमाही उलटून गेली असेल तर तो सिलिंडर चाचणीशिवाय फिरतो आहे; परत करा, दुसरा मागा.